रातपाळीची गल्ली

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार आधी, बातम्या मागून. फोनवर आपलं बोलणं म्हणजे तुमचं "काय? काय?" आणि माझं घसा फोडणं, म्हणून पत्रच बरं. शिवाय या वेळी काम लेखी आहे.

आपल्या गल्लीला यंदा पन्नास वर्षं होतायत. बँकवाल्या भाऊंनी समिती काढलीय (रिटायर झाले तरी सह्या करायला हात शिवशिवतात) आणि स्मरणिकेत गल्लीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. का, तर मी फार बोलते. मी म्हटलं, अहो, बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. तुमचे बंधुराज शेजारी बसून मान डोलावत होते. घरात मी तोंड उघडलं की पेपर वर करतात, चारचौघांत मात्र माझं कौतुक.

मी लग्न होऊन आले तेव्हा गल्ली तयारच होती. दोन्ही बाजूंना बैठी घरं, पुढे हातभर बाग, टोकाला शाळा, आणि ही शांतता. पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारी कुणी गेलंय की काय! पाहुणे अजून म्हणतात, तुमच्याकडे कान वाजतात. ही शांतता आली कुठून, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?

एक पान शिंपीमास्तर आणि काकूंवर लिहायचं मनात आहे. अख्ख्या गल्लीच्या अंगावर मास्तरांची शिलाई, आणि दुपारभर त्यांचं मशीन चालतं तेवढाच काय तो आपल्याकडचा आवाज. मूलबाळ नाही, तरी दोघांचं कधी रडगाणं नाही. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं राहतो, पण एक शब्द वाकडा गेला नाही. ते राहायला कधी आले तेवढं कळवा. तुमच्या लक्षात असणारच. तुम्हाला तर माझ्या लग्नातल्या पंगतीत कोण रुसलं होतं तेही आठवतं.

तुमची,
धाकटी


१३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

शांततेचं सांगते. ही घरं बल्बच्या कारखान्यानं बांधली. काचेची भट्टी विझवता येत नाही, म्हणून काम चोवीस तास. गल्लीतले निम्मे पुरुष रातपाळीचे. ते दिवसा झोपायचे, म्हणून दिवस उजाडला की बायका कुजबुजायला लागायच्या. भांडी घासायची ती खाली फडकं अंथरून. मुलांनी दोरीवरच्या उड्या मारायच्या तर अनवाणी, आणि हरले तरी भांडायचं नाही. तुझा नवरा तेव्हा विशीतला, भट्टीवर होता. सकाळी डोळे लालभडक करून यायचा आणि पडदे ओढून घ्यायचा. मी हॉस्पिटलातून ड्यूटी करून यायचे तीसुद्धा चपला हातात घेऊन.

कारखाना बंद पडला. रातपाळी गेली, पण कुजबुज राहिली. आधी नाइलाज होता, पुढे तिचीच लोकांना ऐट वाटायला लागली. घर विकताना जाहिरातीत "शांत वस्ती" लिहायला लागले. तू आलीस ती त्यानंतर.

हे सगळं लिही. मास्तरांवर मात्र पान नको. साधी माणसं आहेत, छापून आलेलं त्यांना रुचायचं नाही. कधी आले ते मला आठवत नाही.

गुडघ्याला तेल लावतेस का?

वन्सं


२ मार्च

वन्सं,

घाईघाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर समजून घ्या.

सोमवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या विरुद्ध टोकाला, गटारासाठी खोदत होते, त्यात गॅसची पाइप फुटली. वास इतका की डोळ्यांतून पाणी. बंब आला, भोंग्यावर ओरडायला लागले की घरं सोडा, बटणं दाबू नका, काडी ओढू नका, सगळे शाळेच्या मैदानात चला. आम्ही निघालो तसे आलो. यांची अर्धीच दाढी झालेली. बँकवाले भाऊ काखेत फाइल आणि पायात बायकोच्या सपाता. एरवी हसून मेले असते.

मैदानात माणसं मोजली तर मास्तर आणि काकू नाहीत. वाटलं, वयानं ऐकू आलं नसेल. बंबावरच्या एका जवानाला घेऊन मी परत गेले. दार वाजवलं, वाजवलं, शेवटी मास्तरांनी बोटभर उघडलं.

"आम्ही इथेच बरे आहोत."

जवान म्हणाला, "आजोबा, ठिणगी पडली तर घर उडेल."

"उडू दे."

वन्सं, "उडू दे" म्हणाले हो! शिलाईचे पैसे मागतानाही जे संकोचतात, ते मास्तर! मी म्हटलं, मास्तर, अहो असं काय करता, काकू कुठायत? तेवढ्यात आतून आवाज आला. मला वाटलं मांजर. मग तो वाढला, आणि ते मांजर नव्हतं. जवानानं खांद्यानं दार ढकललं.

आतल्या खोलीतून काकू आल्या. त्यांच्या हाताला एक बाई होती.

पोर नव्हे, बाई. तिशी ओलांडलेली. रंग असा पांढराफटक की निळ्या शिरा दिसाव्यात. केस तेल लावून घट्ट विंचरलेले, दोन वेण्या. आणि अंगात झगा. काय सांगू तुम्हाला, तसा झगा मास्तरांनी गल्लीत कुणालाही शिवून दिलेला नाही. कॉलरला बारीक फुलं, बाहीला चुण्या. मी त्या कॉलरकडेच बघत राहिले, कारण तोंडाकडे बघायचा धीर होईना.

दाराबाहेर दोन पायऱ्या आहेत ना आपल्या सगळ्यांना? त्या तिला उतरता येईनात. पाय पुढे टाकायची, हवेत चाचपायची, मागे घ्यायची. शेवटी खाली बसली आणि घसरत उतरली. वन्सं, त्या बाईनं पायरी कधी पाहिलीच नव्हती.

रस्त्यावर आल्यावर तिनं मान वर केली, आभाळ बघितलं आणि किंचाळली. भीतीनं की आनंदानं, मला कळलं नाही. शाळेच्या फाटकाशी अख्खी गल्ली उभी, सगळे बघतायत. काकूंनी झटकन तिच्या तोंडावर हात दाबला.

जवान म्हणाला, "आजी, काढा तो हात. श्वास घेऊ दे तिला."

काकू म्हणाल्या, "लोक झोपलेत हो."

भर सकाळी! समोर सगळे टक्क जागे उभे असताना!

मी विचारलं, काकू, ही कोण? त्या म्हणाल्या, "आमची." बस, एवढंच. मग सरकारी गाडी आली आणि तिघांना हॉस्पिटलात घेऊन गेली.

मला अन्न गोड लागत नाहीये. भिंतीपलीकडे एक माणूस होतं आणि मी इकडे डाळ निवडत रेडिओ ऐकत होते. तुम्ही तर त्या भिंतीला पलंग लावून झोपायचात. तुम्हाला कधी काही ऐकू आलं नाही?

धाकटी


७ मार्च

प्रिय धाकटे,

बाकी सगळं मागून. फोन लावून पाहिला, लागला नाही, म्हणून लिहितेय. आधी हे कर.

काकूंना विचार, चिऊच्या झटक्यांच्या गोळ्या घरून घेतल्यात का. सकाळची चुकली तर निभावतं, संध्याकाळची चुकता कामा नये. पांढरा डगला बघितला की ती बिथरते, तेव्हा डॉक्टरांना साध्या कपड्यांत जायला सांग. डाव्या बाजूनं जवळ जाऊ नका, त्या डोळ्यानं तिला दिसत नाही. आणि काही झालं तरी काकूंना तिच्यापासून वेगळं ठेवू देऊ नकोस.

वाचून झालं की उठ.

वन्सं


१४ मार्च

वन्सं,

उठले. गेले. गोळ्या घरात राहिल्या होत्या, त्या पोचवल्या. एक झटका येऊन गेला होता, आता ठीक आहे. काकूंना तिच्याजवळच ठेवलंय. तुमचं काम झालं.

आता माझं. घरी येऊन तुमचं पत्र पुन्हा वाचलं. मी तुम्हाला तिचं नाव लिहिलं नव्हतं. मला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. डाव्या डोळ्याचं तर डॉक्टरांनाही तुमच्या पत्रावरून मी सांगितलं.

तुम्हाला ठाऊक होतं.

आपण एका चुलीवर स्वयंपाक केला. माझं पहिलं मूल गेलं तेव्हा मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. माझ्या नवऱ्याला न सांगितलेल्या गोष्टी तुम्हाला सांगितल्या. आणि तुम्ही मला "मास्तरांवर पान नको" एवढंच! यांना मी अजून काही बोललेले नाही. काय बोलू?

इकडची तऱ्हा ऐका. पोलीस मास्तरांना रोज बोलावून तेच तेच विचारतात. मास्तरांनी सांगितलं की दुपारी मशीन चालायचं तेव्हा निम्म्या वेळा त्यात दोरा नसायचा. ती ओरडायला लागली की ते नुसतं पायडल मारत बसायचे. आणि आम्ही म्हणायचो, मास्तर किती कष्टाळू!

परवा सकाळी त्यांच्या दारात कपड्यांचा ढीग पडला होता. सदरे, झगे, शाळेचे गणवेश, एक कोट. ज्यानं त्यानं मास्तरांनी शिवलेले कपडे आणून टाकलेले. कुणी टाकताना दिसलं नाही, कुणाचा आवाज नाही. बँकवाले भाऊ म्हणतात, "राक्षस आहेत, आपल्यात राहून आपल्याला फसवलं." मला काय वाटतं ते मलाच समजत नाही. कधी त्या दोघांचा इतका राग येतो, आणि मग त्या दोन वेण्या आठवतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावर एक जखम नाही, नखं कापलेली, दात स्वच्छ. फक्त हाडं ठिसूळ. ऊन नाही ना मिळालं.

खरं काय ते लिहा. नाहीतर लिहूच नका.

धाकटी


२५ मार्च

प्रिय धाकटे,

खरं लिहिते. शेवटपर्यंत वाच. शेवटचा भाग तुला लागेल.

चिऊ आमच्याच वॉर्डात झाली. बाळंतपण अडलं, उशीर झाला, मूल निळं पडलं होतं. मीच तिला उलटी धरून पाठीवर मारलं तेव्हा रडली. तेव्हा मास्तर दुसऱ्या वस्तीत राहायचे. पोर मोठी होत गेली तशी ओरडायची. बोलणं नाही, नुसता आवाज, आणि तो फार मोठा. दोन जागांवरून मालकांनी घालवलं. मग कारखान्याच्या गणवेशांचं काम मास्तरांना मिळालं आणि शेजारचं घरही. ते घर मी त्यांना सुचवलं होतं.

मूल दोन वर्षांचं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं तिला, अंगणात काकूंच्या कडेवर. ती दिवसा ओरडायची, आणि दिवस म्हणजे आपल्याकडे रात्र. कुणी भांडलं नाही. एकेक जण यायचा, गोड बोलायचा. "जरा बघा ना." "आमच्या यांचा डोळा लागत नाही." "भट्टीवर झोप लागली तर हात जळतो हो माणसाचा." आणि ते खोटं नव्हतं. त्या वर्षी एकाचा जळलाच.

मग एक दिवस पाच-सहा जण मिळून आले. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. आत्तापर्यंत गोड बोलणाऱ्यांत एक जण चिडला. म्हणाला, "एक तर हिला कुठेतरी सोडून या, नाहीतर तुम्हीच जा. पुन्हा आवाज आला तर मी काय करीन ते सांगता येत नाही."

त्यांनी तिला काकूंच्या माहेरी ठेवलं. गल्लीला सांगितलं, पोर आजोळी आहे. काही महिन्यांनी मास्तर बघायला गेले तर तिच्या पायाला दोरीचा वळ. त्याच दिवशी उचलून परत आणली, गणवेशांच्या गठ्ठ्याआड, टेम्पोत.

वाट बघत होते दोघं, कुणी विचारेल म्हणून. "मुलगी कशी आहे?" एवढं कुणी विचारलं असतं तरी काकूंनी सांगितलं असतं, असं त्या मला कितीदा म्हणाल्या. कुणीही विचारलं नाही. ना त्या वर्षी, ना पुढच्या. हळूहळू तिला पाहिलेली माणसं बदलून गेली, राहिली ती विसरली. तू आलीस तेव्हा सगळे म्हणायचे, त्यांना मूलबाळ नाही. मी ते ऐकलं आणि खोडलं नाही.

औषध मी द्यायचे. इकडे आल्यावर पार्सलनं पाठवायचे. मास्तर बाहेर असले की तूच कितीदा सही करून घेतलंस ते. "बटणं" म्हणून.

तिला बाहेर काढा, असं मी दरवर्षी सांगायचे. त्या म्हणायच्या, आता काय सांगून काढू? बघता बघता उशीर होऊन गेला. मी वचन दिलं होतं आणि पाळलं. ते बरोबर होतं का, हे मला विचारू नकोस. मी परिचारिका आहे, मला जिवंत माणूस दिसत होतं, धुतलेलं, भरवलेलं. दोरी नसलेलं.

आता ते. जो चिडला, तो माझा भाऊ होता. तुझा नवरा. वय पंचवीस, आठवडाभर झोप नव्हती. पुढे वर्षानुवर्षं तो त्यांच्याकडे विजारी आखूड करायला देत राहिला. त्याच्या लक्षातही नसेल. म्हणून मी तुला सांगत नव्हते. मास्तरांचं गुपित होतं, आणि माझ्या भावाचंही.

वन्सं


२० एप्रिल

वन्सं,

पत्र परसात उभ्या उभ्या वाचलं. मग घरात येऊन यांच्यासमोर ठेवलं. यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"मला आठवत नाही," म्हणाले.

"काहीच नाही?"

"नाही. तेव्हा होती ती मुलगी, अंगणात?"

तिसऱ्या दिवशी जेवता जेवता घास तसाच हातात धरून म्हणाले, "लाल टोपडं होतं तिला." आणि उठून गेले.

पोलिसांनी प्रकरण मिटवलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं की पोरीचे हाल केलेले नाहीत, घरीच राहू दे, पण रोज बाहेर बसवा. मागच्या आठवड्यात तिघं परतले. पुढच्या दारानं. पहिल्याच दुपारी काकूंनी तिला बागेत खुर्ची टाकून बसवलं आणि ती ओरडली. मी दारातच होते. वन्सं, खिडक्या बंद झाल्या. आधी समोरची, मग तिच्या शेजारची, मग तशाच पुढे, शाळेपर्यंत. आदळली एकही नाही. सगळ्या हलक्या हातानं, कडीचासुद्धा आवाज न करता. रातपाळीवाला एकही उरलेला नाही गल्लीत.

दोन दिवसांनी बँकवाले भाऊ आले. "वहिनी, राग नाही कुणाचा. सहानुभूतीच आहे. पण दुपारची वेळ जरा... तुमचे हे जुने आहेत, मास्तरांशी संबंध चांगले, आमच्याबरोबर चार शब्द बोलायला येतील का?"

हे आतून आले. भिंतीला धरून उभे राहिले. "मी एकदा गेलो होतो," म्हणाले. "पुन्हा येणार नाही. आणि तुम्ही गेलात तर मी दारात आडवा पडेन."

भाऊ चहा अर्धा टाकून निघाले. पण वन्सं, भिंत तीच ना आपली. पलीकडे सगळं ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघाले. म्हणाले, मास्तरांशी बोलतो. काय बोलणार, विचारलं तर म्हणाले, "ते तिथे गेल्यावर सुचेल." गेले आणि आलेच नाहीत. मी बघायला गेले तर दार सताड उघडं. घर रिकामं. भांडी नाहीत, मशीन नाही. कधी गेले, कुणाला कळलं नाही. गल्लीत टेम्पो येऊन गेला आणि एका माणसाला चाहूल नाही!

हे आतल्या खोलीत जमिनीवर बसले होते. मी ती खोली पहिल्यांदा पाहिली. भिंतींना खालपासून छतापर्यंत गोधडी शिवलेली आहे, वन्सं. चार बोटं जाड. सगळ्या चिंध्या आमच्याच. माझ्या पहिल्या ब्लाउजचं कापड. पोरांचे गणवेश. यांच्या विजारीचे आखूड केलेले तुकडे, कितीतरी. आम्ही टाकून दिलेलं सगळं त्या माणसानं भिंतीवर लावलं, आम्हाला आवाज जाऊ नये म्हणून.

यांना उठवायला मला शेजारच्या माणसाला हाक मारावी लागली. मी ओरडून मारली.

ते कुठे असतील? तुम्हाला काही कळलं तर लगेच कळवा. मी तुमच्यावर रागावलेय. ते वेगळं. आधी हे कळवा.

धाकटी


२७ एप्रिल

प्रिय धाकटे,

माझ्याकडे आहेत.

पहाटेच्या गाडीनं आले. दार उघडलं तर जिन्यात काकू, त्यांच्यामागे चिऊ, आणि डोक्यावर मशीन घेतलेले मास्तर. तीन मजले ती बसून बसून चढली. मास्तर म्हणाले, "बाई, तुमच्याकडे आवाज चालतो का?"

माझ्या खोल्या बाजारावर आहेत. सकाळी ट्रक, दिवसभर हमाल, भाव ओरडणारे, संध्याकाळी लाउडस्पीकर. मी इकडे आले तेव्हा तुम्ही सगळे मला वेड्यात काढत होतात. चिऊला गॅलरीत बसवलं. काकू दाराशी उभ्या, हात तयार ठेवून. चिऊ ओरडली. खाली कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ती पुन्हा ओरडली. कांदेवाल्याला वाटलं, वरून गिऱ्हाईक हाक मारतंय. त्यानं खालून तसाच मोठा आवाज काढून उत्तर दिलं. मग हिनं. मग त्यानं. काकू खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मास्तर जिन्यात जाऊन उभे राहिले.

मास्तरांना खाली एका दुकानात बसायला जागा मिळतेय. परत येणार नाहीत. घराची किल्ली पोस्टानं पाठवतील.

भावाला सांग, यायचं असेल तर यावं. मी अडवणार नाही. मास्तर भेटतील की नाही, ते मी कबूल करू शकत नाही. मी विचारलं होतं त्यांना. ते बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले आणि म्हणाले, "बघू." त्याला तेवढंच सांग, जास्त गोड करून सांगू नकोस.

तू ये. तुझा राग घेऊनच ये, मला तो चालेल.

आणि एक. कांदेवाल्याशी ती ओरडाओरडी चालली होती, त्यात मध्येच एक वेगळा आवाज आला. मी स्वयंपाकघरातून धावत आले, म्हटलं झटका आला. तर चिऊ हसत होती. खदाखदा, सगळं अंग हलवून. मी तिला जन्मल्यापासून ओळखते, धाकटे, आणि मला तो आवाज ओळखू आला नाही.

वन्सं